टाकातली आई

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एका नळीत थुंकायला लावण्यापेक्षा दहावी ‘ड’च्या वर्गाला त्रिकोणमिती शिकवणं सोपं होतं. दोन्ही कामं मी केली आहेत, म्हणून सांगते. नळी बोटभर लांबीची, तिच्यावर एक रेघ, आणि त्या रेघेपर्यंत लाळ भरायची. त्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, पाणी नाही, तंबाखू तर नाहीच नाही. अण्णांचं वय ऐंशी. जागेपणी अर्धा तास त्यांनी तंबाखूवाचून काढल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

“साठ वर्षं वावरात, रस्त्यानं, जिथं तिथं थुंकून राह्यलो,” ते म्हणाले, “तवा कधी कमी पडलं न्हाई. आता तू नळी धरली की तोंडाला कोरड पडली बघ.”

मी आधी समजावलं, मग रागावले, आणि शेवटी स्वयंपाकघरातून चिंचेचा गोळा आणून त्यांच्या नाकासमोर धरला. खायला दिला नाही, नुसता दाखवला. पाच मिनिटांत नळी भरली. अण्णा तोंड पुसत म्हणाले, “शाळेत पोरान्लाबी असंच छळत होती का गं, माय?” मी म्हटलं, यापेक्षा जास्त.

ही नळी माझ्या मुलीनं परदेशातून आणली होती. मी निवृत्त झाले तेव्हा तिनं विचारलं, आई तुला काय भेट आणू? मी म्हटलं, माझ्या वंशावळीतल्या बायका आणून दे. ती हसली आणि लाळेवरून रक्ताची नाती शोधणाऱ्या कंपनीची ही नळी घेऊन आली.

त्याचं असं झालं होतं. माझ्या भाच्याला कॉलेजात घालायचं होतं, त्यासाठी जातीचा दाखला, त्यासाठी वंशावळ. भावाला कागदांचा कंटाळा, म्हणून मी जाफराबादच्या तहसील कचेरीत खेटे घातले. तिथं निजामाच्या काळातला एक कुर्सीनामा सापडला, म्हणजे कोणाचा मुलगा कोण हे दाखवणारा तक्ता. उर्दूत होता. गावातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी तो चहा पीत पीत मला वाचून दाखवला. सात पिढ्या मेंढरं राखणारी माणसं, एकाखाली एक. आणि सातही पिढ्यांत बाई औषधालासुद्धा नाही. आमच्या घराण्यात पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला की काय, असं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “बाई, सरकारला जमीन कुणाची ते बघायचं होतं, बाळंतपण कुणी केलं ते न्हाई.”

भाच्याचं काम झालं, पण मला ते लागून राहिलं. मी एक मोठा कागद घेतला, प्रत्येक पुरुषाशेजारी एक रिकामी चौकट काढली आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले. काही चौकटी भरल्या. पण जी चौकट मला खरी भरायची होती, ती माझ्या सख्ख्या आजीची, अण्णांच्या आईची. तिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. अण्णांनाही नव्हतं.

अण्णांना वाढवलं त्यांच्या सावत्र आईनं. ती आमची आजी, आणि फार चांगली बाई. अण्णांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली, असं घरात सांगत. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं. आमच्याकडे पहिली बायको मेली आणि दुसरी आली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. मेलेल्या सवतीची नजर लागू नये, संसाराला तिचा आशीर्वाद असावा, म्हणून. आजीनं तो टाक जन्मभर घातला. सणाला पुरण शिजलं की पहिला घास टाकाला, मग घरच्यांना. आजी गेल्यावर टाक देव्हाऱ्यात आला. माझ्या सख्ख्या आजीचा म्हणून मी पाहिलेला चेहरा तेवढाच. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि नाकाच्या जागी एक रेघ.

आता अण्णांचं सांगते. अण्णा हसरे आहेत, खोडकर आहेत, पण त्यांनी आपला वाढदिवस कधी करू दिला नाही. माझ्या मुलीनं एकदा केक आणला, तर उठून वावरात निघून गेले. लहानपणी गावातल्या बायका त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, हा पोरगा आईला गिळून जन्मला. मुलाच्या जावळाला मामाची मांडी लागते, पण यांचा मामा आला नाही. कुणा शेजाऱ्याच्या मांडीवर बसवून केस काढले. आईच्या माहेरचं कुणी कधी आलंच नाही. अण्णांनी त्याचा अर्थ असा लावला की, आपण त्यांची लेक मारली, म्हणून ते आपलं तोंड पाहत नाहीत. ऐंशीव्या वर्षीही त्यांच्या मनात हेच होतं. भाद्रपदात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध असतं त्या दिवशी, ते उन्हात कावळ्याची वाट बघत तासन्‌तास उभे राहायचे. कावळा लवकर शिवला नाही की म्हणायचे, “तिचा राग गेला न्हाई अजून.”

नळीचा विषय काढला तेव्हा त्यांनी एकच विचारलं. “ह्याच्यातून आईचं कळंल का?”

मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या अंगात अर्धं रक्त तिचंच आहे.”

“मंग घे,” ते म्हणाले.

आणि तरी चिंच लागलीच.

लाळ मुलीबरोबर विमानानं गेली. दोन-अडीच महिन्यांनी निकाल आला. ज्यांचं ज्यांचं रक्त अण्णांशी थोडंफार जुळतं अशा माणसांची यादी. बहुतेक सगळे लांबचे, पाच-सहा पिढ्यांपलीकडचे. कोणी लंडनला, कोणी बंगळुरूला. अण्णा मला रोज फोनवर विचारायचे, “आज कोण सापडलं?” आणि मी सांगायचे, एक दातांचा डॉक्टर. त्यांना भारी गंमत वाटायची. मेंढक्यांच्या पोटी दातांचे डॉक्टर, असं ते पारावर सांगत फिरले.

मग एके दिवशी यादीच्या सगळ्यात वर एक नवीन मुलगी आली. तिचं अण्णांशी जुळणं बाकीच्यांच्या कितीतरी पट होतं. अगदी जवळचं नातं, असं तिथं लिहिलेलं. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारी सव्वीस वर्षांची पोर. मी तिला लगेच लिहिलं. तिचं उत्तर आलं, “मॅडम, काहीतरी चुकलंय. आमचं जाफराबादकडं कोणीच नाही.” ते वाचून मला राग आला. माझं गणित चुकलं म्हणणारी ही कोण?

तरी आम्ही बोलू लागलो. तिनं आपला तक्ता पाठवला, मी माझा. तिच्या तक्त्यात आजोबांच्या बाजूनं सगळं भरलेलं, आजीच्या बाजूनं दोन ओळींत संपलेलं. ती म्हणाली, “आजीची आई कुठली, ते फक्त आजीलाच माहीत, आणि विचारलं की ती विषय टाळते. लग्नात नाव बदललेलं, गाव बदललेलं, शोधायचं कसं?” मला ही पोर आवडली. आम्ही आठवड्यातून दोनदा फोनवर एकमेकींना बघत बोलायचो. नाकडोळे आमच्यासारखे नव्हते, पण कान मात्र अण्णांचे. सुटे, पुढे आलेले, वारा सुटला की हलतील असे. मी तिला तसं सांगितलं, तर तिनं केस पुढे ओढून घेतले.

ती आमची कोण लागत असेल? माझा पहिला संशय आजोबांवर गेला. गणित शिकवणाऱ्यांची मनं स्वच्छ असतात असं कुणी समजू नये. आजोबा वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत जायचे. सहा महिने परमुलखात, तरणाताठा माणूस. मी मनातल्या मनात त्यांना एक बाई आणि दोन-तीन पोरं जोडूनही टाकली.

पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे. मला काका आठवले. काका म्हणजे अण्णांचे सावत्र भाऊ, आजीचे पोटचे. दोघांचा बाप एक, आया दोन. ती मुलगी आजोबांच्या बाजूची असेल तर तिचं काकांशीही जुळलं पाहिजे. अण्णांशी जुळली आणि काकांशी नाही जुळली, तर ती अण्णांच्या आईच्या बाजूची. इतकं सरळ गणित होतं. मी माझ्या मुलीला आणखी एक नळी पाठवायला सांगितली.

काकांनी अण्णांसारखा त्रास दिला नाही. उलट त्यांना फार मान वाटला. नळीत थुंकायला त्यांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसले. काकूनं विचारलं, “सत्यनारायण हाय का?” काका काही बोलले नाहीत, कारण तोंडात लाळ साठवत होते.

पुन्हा वाट बघणं आलं. निकाल आला तेव्हा मी जालन्यातल्या घरी भाजी निवडत होते. काका आणि अण्णा सावत्र भाऊ, हे बरोबर आलं. आणि काका आणि पुण्याची मुलगी यांचं काहीच नाही. शून्य. मी मेथीची जुडी तशीच टाकून उभी राहिले. मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली. ही पोर अण्णांच्या आईच्या माहेरची होती.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हातातली तंबाखूची पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे आईला बहीण होती. मला मावशी होती.” मलाही तसंच वाटत होतं. अण्णांच्या मावशीची लेक म्हणजे त्या मुलीची आजी. हिशेबात बसत होतं. पुण्याच्या मुलीला तिच्या आजीचं गाव विचारलं. ती म्हणाली, “अंकुशनगर. अंबड तालुका. साखर कारखाना आहे ना, तिथं.”

मला हसावं का रडावं कळेना. अण्णांची लाळ सातासमुद्रापार गेली, तिथल्या यंत्रातून निघाली, आणि पत्ता मिळाला आमच्याच जिल्ह्यातला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. जालन्याहून एसटीनं कितीशी वाट ती.

मुलीनं आपल्या आजीला फोनवर सांगून ठेवलं की तुझ्या आईच्या माहेरकडचे पाहुणे येणार आहेत, जाफराबादकडून. आजी म्हणाली, “येऊ दे.” इतकंच. मुलगी स्वतः पुण्याहून आदल्या दिवशीच जाऊन थांबली.

आम्ही दोघंच गेलो, अण्णा आणि मी. संक्रांत नुकतीच झाली होती. अण्णांनी नवा सदरा घातला होता आणि खिशावर सारखा हात जात होता. अंबडच्या पुढे रस्ताभर उसाच्या गाड्या. ट्रॅक्टरांमागे अडकून आमची वडापची जीप मुंगीच्या पावलानं चालली होती. अण्णा म्हणाले, “मावशीच्या लेकीला काय म्हनायचं? आक्का की बाई?” मी म्हटलं, ती तुमच्यापेक्षा लहान आहे. ते म्हणाले, “मला कुणी बहीन न्हाई, मला सवय न्हाई.” परीक्षेला निघालेल्या पोरांची असते तशी त्यांची अवस्था होती, आणि मी त्यांना उगाच दोनदा रागावले, कारण माझीही तशीच होती.

घर कारखान्याच्या रस्त्याला, पत्र्याचं, पण अंगण सारवलेलं आणि स्वच्छ. कान झाकायला केस मोकळे सोडलेली आमची पुण्याची मुलगी दारात उभी होती. तिच्या मागून तिची आजी आली. पंचाहत्तरीची, काटक, नऊवारी नेसलेली. तिनं मला बघितलंच नाही. ती अण्णांकडे बघत होती, पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. मग म्हणाली, “बसा भाऊ. पानी घ्या.”

पाणी झालं, चहा झाला. तेवढ्यात अण्णांनी खिशातून रुमालाची घडी काढली आणि उलगडली. आत टाक. देव्हाऱ्यातून ते गुपचूप काढून घेऊन आले होते. मला विचारलं असतं तर मी आणू दिला नसता.

“ही माझी आई,” अण्णा म्हणाले. “तुमची मावशी. माझ्या जन्माच्या टायमालाच गेली ती. माझ्यामुळंच गेली. मला फक्त इतकं सांगा, तुमच्या आईनं कधी बहिनीचं काही सांगितल्तं का? कशी दिसायची, काय करायची. मला काहीच ठाऊक न्हाई.”

म्हातारीनं टाक हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. मग मांडीवर ठेवला.

“मेली? कधी मेली म्हंता?”

“ऐंशी वर्षं झाली.”

“आन् मंग मला कुनी जनम दिला?”

मी हातातली कपबशी खाली ठेवली. म्हातारी सांगू लागली. तिच्या आईला बहीण नव्हतीच. तिच्या आईचं पहिलं लग्न जाफराबादकडं झालं होतं, मेंढक्यांच्या घरी, आणि तिथं तिला एक मुलगा झाला होता. मुलगा सहा महिन्यांचा असताना तिच्या नवऱ्याची मेंढरं आणि तिच्या भावांची मेंढरं एकाच माळावर आली. चाऱ्यावरून भांडण झालं आणि डोकी फुटली. भाऊ रागानं आले आणि बहिणीला ओढून घेऊन गेले. पंच बसले, काडी मोडली, म्हणजे लग्न मोडलं. मूल बापाचं म्हणून बापाकडे राहिलं. सतरा वर्षांच्या त्या पोरीला कुणी काही विचारलं नाही. दोन महिने तिचा पान्हा आटत नव्हता, असं ती म्हातारपणीही सांगायची. पुढे भावांनी तिला पाट लावून या गावात दिली. नवरा भला निघाला. दोघांनी ऊसतोड केली, संसार केला, आणि ही एक लेक झाली.

“जाफराबाद म्हनल्यावर मला तवाच शंका आल्ती,” ती म्हणाली. “पन फोनवर काय बोलनार. अन् तुम्ही दारातून आत आलात तवा कान बघितले मी. माझ्या आईचेच कान.”

आजोबांचं सगळं माझ्या डोळ्यासमोर आलं. बायको सोडून गेली हे सांगायची लाज, म्हणून “ती मेली आमच्यापुरती” असं म्हणून टाकलं असणार. तान्हं पोर घेऊन ते दुसऱ्या गावात राहायला गेले असणार, तिथं खरं कुणाला ठाऊक? मग दुसरी सोयरीक आली. तिचे आईबाप म्हणाले असणार, पहिली मेली ना, मग टाक कुठं आहे? झालं. जित्या बाईचा टाक घडवावा लागला. आणि जी बाई तिकडे ऊस तोडत होती, तिच्या टाकाला इकडे बिचारी आमची आजी पुरणाचा पहिला घास देत राहिली. आजीला खरं ठाऊक होतं का? मला नाही वाटत. ठाऊक असतं तर तिनं तो टाक आजोबांच्याच गळ्यात बांधला असता. मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला, पण मुलगीही हसू लागली, आणि मग ती म्हातारीही.

अण्णा हसत नव्हते. ते बोटं मोजत होते. “कधी गेली ती?”

“अठरा वर्षं झाली. म्हातारी होऊन गेली, झोपेत. दुपारी शेवया वळत होती.”

“म्हंजे माझं लगीन झालं तवा होती. ही झाली तवा होती.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मी तर दर भादव्यात कावळ्याला घास टाकून राह्यलो की.”

“तरीच,” म्हातारी म्हणाली. “भादव्यात लय उचक्या लागायच्या तिला. गूळपानी देऊन देऊन जीव जायचा माझा.”

तेव्हा अण्णा हसले. खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईतो. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग म्हातारी उठली आणि आतून ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, आणि हळदीनं पिवळी झालेली एक जुनी सुपारी. तिला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला बाकीच्या पोरी भावांना ओवाळायच्या आणि ही रडायची, तेव्हा आईनं एक सुपारी पाटावर ठेवली आणि सांगितलं, “हा तुझा भाऊ. जाफराबादला हाय. लांब हाय म्हनून सुपारी.” तेव्हापासून दर वर्षी ती सुपारीला ओवाळत होती. आई गेल्यावरही, नातवंडं आल्यावरही. मुलगी म्हणाली, आम्हाला वाटायचं आजी कुठल्या तरी देवाची पूजा करते.

संक्रांतीनंतर भाऊबीज कुठली. पण पाट मांडला, अण्णांना बसवलं. म्हातारीनं सुपारी ताटातून उचलून कमरेच्या पिशवीत टाकली. मग सावकाश ओवाळलं. अण्णांना ओवाळणी टाकायचं सुचेना. मी मागून कोपरानं ढोसलं तेव्हा त्यांनी खिशात जे होतं ते सगळं ताटात ओतलं, त्यात तंबाखूची पुडीही गेली.

जेवणं झाली. बाजरीची भाकरी, तीळ लावून केलेली, आणि वांग्याचं भरीत. भाकरी खाता खाता अण्णा एकदम थांबले. मला त्यांचा चेहरा ठाऊक आहे. ते काय विचारणार, हे मला कळलं.

“मंग माझ्या जन्माला तिला लय तरास झाला आसंल,” ते म्हणाले. “लोक म्हनायचे, मी तिला…”

“तुमचा?” म्हातारी हात धुता धुता वळली. “तुमचा काय तरास. माझ्या दर बाळंतपनाला तेच सांगायची ती मला. म्हनायची, भ्यायचं न्हाई. माझा पहिला झाला तवा मी सकाळी मेंढरं पानी पाजून आन्ली, दुपारी चुलीपुढं बसून सोळा भाकरी थापल्या, आन् लिंबाखाली जरा टेकले तर लेकरू हातात. कळ म्हनून कळली न्हाई. असं गुनी लेकरू, म्हनायची, आईला जरासाबी तरास दिला न्हाई त्यानं. तरास दिला तो मी. तीन दिस मरनाच्या दारात होती ती माझ्यापायी. बोलून दाखवायची मला, चिडली की.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. घास हातातच होता.

“परत सांग,” ते म्हणाले. अहोजाहो विसरले होते.

तिनं परत सांगितलं. मेंढरं, भाकरी, लिंब. अण्णांनी मान डोलावली, दोन घास खाल्ले, आणि मग पुन्हा म्हणाले, “परत सांग.” ती बाई कंटाळली नाही. तिसऱ्यांदा सांगताना तिनं सोळा भाकऱ्या कुणाकुणासाठी तेही जोडलं.

संध्याकाळी जालन्याची एसटी मिळाली. गर्दी होती. अण्णांना खिडकीशी जागा मिळाली आणि मला दोन बाकं मागे. त्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता, मांडीवर बियाण्याची पिशवी घेऊन. त्यानं सहज विचारलं, “कुठं गेल्ते, बाबा?”

“बहिनीकडं,” अण्णा म्हणाले. गाडी सुरू झाली. बराच वेळ ते बाहेर उसाकडे बघत होते. मग त्या माणसाकडे वळले आणि मला मागे स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “माझ्या आईनं सोळा भाकरी थापल्या, आन् मंग मला जनम दिला. कळ बी आली न्हाई तिला.”

पिशवी सावरत तो माणूस म्हणाला, “बरं झालं की मंग.”

“हां,” अण्णा म्हणाले. “लय बरं झालं.”